अर्धा गुंठा आणि आभाळ

महाराष्ट्रातल्या वाढत्या शहरांच्या कडेला घराची जागा गुंठ्यांत विकली जाते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ज्यांना तेवढा परवडत नाही ते अर्धा घेतात. रुंदीला १८ फूट, लांबीला ३० फूट, एकूण ५४० चौरस फूट. पुणे, नाशिक, सांगली, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही शहराच्या नव्या वस्तीत हे किंवा याच्या आसपासचं माप भेटतं. २००१ साली राज्याला गुंठेवारी नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, कारण तोवर अशा तुकड्यांवर वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या होत्या.

यांतल्या अनेक घरांत भर दुपारी ओट्यावरचा दिवा लावल्याशिवाय भाजी चिरता येत नाही. मधल्या खोलीला खिडकी असते, पण ती शेजारच्या भिंतीकडे उघडते. घरातली माणसं म्हणतात, जागाच एवढीशी, काय करणार! मला हे पटत नाही. अर्ध्या गुंठ्यावर हवेशीर, उजेडाचं आणि मोठं भासणारं घर होऊ शकतं. त्यासाठी बांधकामाचा विचार जमिनीवरच्या चौकोनांत न करता उभ्या छेदात करावा लागतो. घर पावासारखं मधोमध उभं कापलं तर आत काय दिसेल, आभाळ कुठून दिसेल, ऊन कुठवर उतरेल, हे आधी ठरवायचं. खोल्या त्यानंतर.

या प्रकरणात आपण असंच एक घर कागदावर बांधून बघू. आजी-आजोबा, नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलं आणि दोन स्कूटर. रस्ता दक्षिणेला आहे, पूर्व-पश्चिमेला शेजारी आहेत. गाव पुणे, म्हणजे अक्षांश साडेअठरा.

पहिला प्रश्न मार्जिनचा. राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे, मुंबईची वेगळी आहे. किती जागा सोडायची हे प्लॉटचं क्षेत्र, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि मंजूर ले-आउटमध्ये तो प्लॉट रो-हाउसचा आहे की सुट्या घराचा, यावर ठरतं. म्हणून नकाशा काढायच्या आधी नगररचना विभागात जाऊन आपल्या प्लॉटचा नियम लेखी समजून घ्यावा. सुटं घर असेल तर बाजूची मोकळी जागा सोडावीच लागते. पण जिथे रो-हाउसची मुभा असते तिथेही ‘खिडकी ठेवता येईल’ म्हणून लोक बाजूला तीन फुटांची बोळ सोडतात. हिशेब करून बघा. तीन फूट रुंद आणि तीस फूट लांब म्हणजे ९० चौरस फूट. प्लॉटचा सहावा हिस्सा. त्या बोळीत कपडे वाळत नाहीत, माणूस नीट उभा राहत नाही, आणि शेजाऱ्यानेही तेवढीच बोळ सोडली तरी दोन मजल्यांच्या भिंतींमधून खाली येणारा उजेड संध्याकाळसारखाच असतो. तेच ९० फूट एका ठिकाणी गोळा केले तर आठ बाय आठचा चौक होतो आणि वर २६ फूट उरतात.

शेजारचा प्लॉट आज रिकामा असेल तर मोह आणखी वाढतो. तिकडून छान उजेड येतोय, तिकडेच खिडक्या काढू! पण तो उजेड आपला नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ सालचा आहे. त्यानुसार खिडकीतून येणाऱ्या उजेडावर हक्क सांगायचा तर तो उजेड वीस वर्षं शांततेने आणि अखंड उपभोगलेला असावा लागतो. त्याआधीच शेजारी घर बांधणार हे उघड आहे. तेव्हा दोन्ही बाजूंना उद्या तीन मजली भिंती उभ्या राहतील असं धरूनच आज नकाशा काढायचा. वर आभाळ, पुढे रस्ता आणि मध्ये आपण राखलेली मोकळी जागा, एवढंच हक्काचं.

ही मोकळी जागा मध्ये राखण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. वाड्यांत चौक होताच, आणि तो श्रीमंतीच्या प्रदर्शनासाठी नव्हता. लाकडी तुळया मर्यादित लांबीच्याच मिळत. त्यामुळे चौकाभोवतीचे सोपे एक-दोन खणांपेक्षा खोल होऊ शकत नसत. उथळ सोपा आणि समोर उघडा चौक, या जोडीमुळे माजघरापर्यंत उजेड पोचायचा. पुढे आरसीसीने ती मर्यादा उठवली आणि खोल्या खोल होत गेल्या. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातले कितीतरी वाडे गेले, उरलेल्यांच्या जागी हळूहळू इमारती आल्या. चौकाची जागा डक्टने घेतली. डक्टमध्ये पाइप असतात आणि कबुतरं असतात. त्यातून उजेड आत येईल अशी अपेक्षा कोणी करत नाही.

मात्र वाड्याचा चौक तसाच उचलून अर्ध्या गुंठ्यावर ठेवला तर फसगत होते. वाड्याचा चौक रुंद आणि भोवतालचं बांधकाम बुटकं असायचं. आपला चौक आठ फुटांचा आणि भिंती वीस-तीस फुटांच्या. इथे सूर्याचा हिशेब करावाच लागतो. पुण्यात २१ डिसेंबरला सूर्य दिवसातला सर्वांत उंच असतो तेव्हा (घड्याळात साधारण साडेबारा वाजलेले असतात) तो दक्षिणेला, क्षितिजापासून ४८ अंश उंचीवर असतो. त्या कोनातून येणारं ऊन आठ फूट आडवं जाईपर्यंत जेमतेम नऊ फूट खाली उतरतं. चौकाच्या दक्षिणेची भिंत वीस फूट उंच असेल, तर थंडीत हवंहवंसं वाटणारं ऊन उत्तरेच्या भिंतीवर वरच्या मजल्यापाशीच अडकेल. तळमजल्यावर ते पोचणारच नाही. उलट मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि नको तेव्हा चौकाची फरशी तापते. म्हणजे हिशेब न केलेला चौक थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम.

यावरचा उपाय छेदात सापडतो. आपल्या घरात रस्त्याकडचा, म्हणजे दक्षिणेचा भाग एकमजली ठेवायचा आणि मागचा, उत्तरेचा भाग तीन मजली करायचा. पुढच्या भागावर गच्ची येते. तिला भरीव कठड्याऐवजी लोखंडी रेलिंग. आता चौकाची दक्षिण बाजू फक्त दहा फूट उंच उरते आणि डिसेंबरचं ऊन मागच्या भिंतीच्या पायथ्यापासून फूटभर वर इतकं खाली उतरतं. मागची उंच भिंत पांढरी रंगवायची. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी साधारण ऐंशी टक्के परत फेकतो, काळसर कडप्पा जेमतेम दहा. ही भिंतच तळमजल्याचा दिवा होते. तिच्यावर दगडी क्लॅडिंग लावायचा मोह पडेल. तो पैसा दुसरीकडे खर्च करा. उन्हाळ्यापुरतं चौकावर कापडी छत ओढून घ्यायची सोय करावी. दोन आडवे पाइप आणि कड्यांवर सरकणारं जाडं मांजरपाट पुरतं.

एकूण बांधकाम किती भरतं? पुढे साडेचार फूट सोडले, चौक वगळला, पुढचा भाग एकमजली धरला, तर तिन्ही मजले मिळून साडेआठशे चौरस फुटांच्या आसपास. तळमजल्यावर पुढे हॉल, मधे चौक आणि त्याच्या शेजारून जाणारा पट्टा, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. वर एकेका मजल्यावर एक झोपायची खोली. आजी-आजोबांना जिना नको म्हणून त्यांची निजण्याची सोय हॉलमध्ये, दिवाणावर. दिवसा तोच बसायला. पुढच्या गच्चीवर आणखी एक खोली सहज चढवता येईल, आणि दहा वर्षांनी कोणीतरी ते सुचवेलच. ती खोली चढली की तळमजल्याचं हिवाळी ऊन गेलं. वाढ करायचीच असेल तर ती मागच्या भागावर चौथ्या मजल्याने करावी, नियमात बसत असेल तर, आणि पाया घालतानाच कॉलम तेवढ्या भाराचे धरावेत.

जिन्याबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण छोट्या घरात सगळ्यात जास्त जागा तोच खातो आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. दोन भागांत वळणारा नेहमीचा जिना साडेसहा बाय दहा, म्हणजे ६५ चौरस फूट घेतो, तोही प्रत्येक मजल्यावर. एकाच ओळीत सरळ चढणारा तीन फुटी जिना घेतला तर दहा फूट उंचीला सात इंची सतरा चढ आणि दहा इंची सोळा पायऱ्या लागतात. लांबी सव्वातेरा फूट, क्षेत्र चाळीस. तो पूर्वेच्या भिंतीला चिकटवायचा. ही शेजाऱ्याकडची, बिनखिडकीची भिंत, तिचा दुसरा उपयोगही नाही. उंच चढत गेलेल्या जिन्याखाली धुण्याचं मशीन आणि धान्याच्या कोठ्या मावतात.

खरा फायदा मात्र वेगळा आहे. जिन्याची पोकळी तळापासून गच्चीपर्यंत सलग असते. तिच्या माथ्यावर, गच्चीच्या वर आलेल्या जिन्याच्या खोलीत, उत्तरेकडे उभी काच बसवली तर दुसरा उजेडाचा झोत घरात उतरतो. छतात आडवी काच का नको? उजेडाच्या दृष्टीने ती जास्त देते हे खरं. पूर्ण ढगाळ आभाळ क्षितिजापेक्षा माथ्यावर तिप्पट उजळ असतं, म्हणून आषाढातल्या अंधाऱ्या दुपारीही वरून येणारा उजेड पुरतो. पण एप्रिल-मेमध्ये त्याच काचेतून डोक्यावरचं ऊन थेट जिन्यात ओतलं जातं, आणि चार-पाच पावसाळ्यांत तिची कड गळायला लागते. उत्तरेची उभी काच दोन्ही तऱ्हेने शांत राहते. जूनमध्ये मात्र सूर्य उत्तरेला झुकतो, २१ जूनला दुपारी तो उत्तरेकडे ८५ अंशांवर असतो. त्याला फूटभर छज्जा पुरतो. त्याच काचेत वरच्या बाजूला जाळीची झडप ठेवली की तापलेली हवा तिथून बाहेर पडते आणि खाली चौकातली गार हवा आत ओढली जाते. देशावर याचा फार उपयोग होतो. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८ अंश असले तरी पहाटे पारा विशीपर्यंत उतरतो. रात्रभर झडपा उघड्या ठेवून भिंती गार करायच्या, सकाळी नऊला बंद करायच्या. कोकणात ही युक्ती तितकी चालत नाही. तिथे रात्रही दमट आणि उबदार असते, तिथे आरपार वारा हवा.

आता खिडक्या. आपल्याकडे खिडकीचा माथा दरवाजाच्या माथ्याशी, सात फुटांवर ठरवून टाकलेला असतो. गवंडी न विचारता तिथे लिंटेल टाकतो. पण खिडकीतून येणारा उपयोगी उजेड तिच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत पोचतो. सात फुटी माथ्याची खिडकी चौदा फूट आत उजळते. तोच माथा बीमच्या तळापर्यंत, साडेआठ फुटांवर नेला तर सतरा फूट. काचेचा आकार तोच ठेवून ती नुसती वर सरकवली तरी फरक पडतो. बसून बाहेर बघायचं असेल तिथे खिडकी खाली हवी. नुसता उजेड हवा असेल तिथे वर.

स्वयंपाकघराच्या बाबतीत मला आग्रहाने बोलायचं आहे. नैसर्गिक उजेडाचं भारतीय मानक सांगतं की बाहेरच्या उजेडाचा अडीच टक्के हिस्सा स्वयंपाकघरात पोचला पाहिजे, अभ्यासाच्या खोलीत १.९ टक्के, आणि बैठकीच्या खोलीत ०.६२५ टक्के पुरे. बाहेरचा उजेड ८००० लक्स धरला तर हे अनुक्रमे २००, १५० आणि ५० लक्स होतात. म्हणजे ओट्याला हॉलच्या चौपट उजेड हवा. प्रत्यक्षात आपण उलट करतो. रस्त्याकडची मोठी खिडकी पाहुण्यांसाठी आणि मागचा अंधारा कोपरा घरातल्या बाईसाठी. विळी-सुरी, उकळतं तेल, तांदळातले खडे, सगळं त्या अंधारात. आपल्या घरात ओटा चौकाच्या कडेला येतो, चौकात उतरणारा उजेड डाव्या हाताकडून त्याच्यावर पडतो. टीव्हीला उजेड लागत नाही, त्याला खुशाल हॉलचा आतला कोपरा द्यावा.

अशा मापांवर मोठ्या वास्तुकारांनी मन लावून काम केलं आहे, आणि त्यांच्याकडून उसनं घेण्यासारखं बरंच आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत, गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेतून, ‘ट्यूब हाउस’ बांधलं. रुंदी अवघी बारा फूट, दोन्ही लांब भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. त्यांनी छत उतरतं केलं. गरम हवा त्या उतारावरून चढत माथ्याच्या फटीतून बाहेर जायची, दाराजवळच्या झडपांतून ताजी हवा आत यायची. आत जवळजवळ दारं नव्हतीच, खासगीपणा पातळ्यांच्या फरकाने साधलेला. ते घर आता उभं नाही. पण नवी मुंबईत बेलापूरला १९८०च्या दशकात त्यांनी केलेली वसाहत बघता येते. तिथले प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे आपल्या अर्ध्या गुंठ्याच्या अलीकडे-पलीकडे. सात-सात घरं एका सामाईक अंगणाभोवती, आणि भिंती एकमेकांना न चिकटलेल्या, कारण प्रत्येक कुटुंबाला आपलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावं. लोकांनी ती भरपूर वाढवली आहेत.

जपानमध्ये ओसाकाच्या सुमियोशी भागात तादाओ आंदो यांचं १९७६ सालचं घर आहे. प्लॉट ५७ चौरस मीटर, आपल्यापेक्षा थोडासाच मोठा आणि बराच अरुंद. त्यांनी काँक्रीटच्या पेटीचे तीन समान भाग केले आणि मधला पूर्ण उघडा सोडला. रस्त्याकडे एकही खिडकी नाही, सगळा उजेड मधून. १९७९ साली त्याला जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेचा पुरस्कार मिळाला. पण त्या घरात झोपायच्या खोलीतून स्वच्छतागृहाकडे जायचं तर चौक ओलांडावा लागतो, आणि पाऊस असेल तर छत्री घ्यावी लागते. त्या घराचं धैर्य मला फार आवडतं. तरीही आजी-आजोबा असलेल्या घरात मी ते कधीच सुचवणार नाही. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला कोरड्या, एकाच पातळीवरच्या वाटेने न्हाणीघर गाठता आलं पाहिजे. म्हणून आपल्या घरात चौकाच्या शेजारून जाणारा साडेपाच फुटी झाकलेला पट्टा ठेवला आहे. त्यातच भिंतीला टेकलेलं जेवणाचं टेबल बसतं.

उजेडाने घर अर्धं मोठं होतं, उरलेलं अर्धं नजरेच्या लांबीने. सोळा फूट रुंद आणि चोवीस फूट लांब घरात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ २९ फूट भरतं. दारातून आत येणाऱ्याची नजर चौकातून मागच्या भिंतीपर्यंत मोकळी गेली, तर घर तेवढं लांब वाटतं. दारासमोरच पार्टिशन उभं केलं, की ते आठ फुटांचं होतं. उंचीचंही तसंच. राहत्या खोल्यांना नऊ फूट उंची लागते, न्हाणीघराला सात-साडेसात पुरते. त्यावर उरलेल्या पोकळीत पोटमाळा काढावा. दिवाळीचे डबे, गाद्या, बॅगा, पितळेची पातेली, गणपतीचं मखर, हे सामान कुठे जाणार हे नकाशावरच ठरलं नाही तर ते चौकाच्या कडेला येऊन बसतं आणि वर्षभरात नजरेची वाट बुजते. लहान घर पसाऱ्याने लहान होतं. शेजाऱ्यांकडच्या दोन आंधळ्या भिंती, जिन्याची जागा सोडून, जमिनीपासून छतापर्यंत कपाटांनी भरून टाकाव्यात. त्यांना दुसरं काम नाही, आणि बाहेरचा आवाजही अडतो.

चौकाच्या अडचणीही सांगायला हव्यात. पाऊस आत येतो. आठ बाय आठच्या चौकात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे सहाशे लिटर पाणी होतं. फरशी घराच्या पातळीपेक्षा सहा इंच खाली, उताराची, आणि चार इंची दोन पाइप, कारण एक पानांनी तुंबणारच. कोकणात किंवा मुंबईत मात्र चौकावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर, भिंतींपेक्षा फूट-दीड फूट उंच उचलून, कडा हवेला उघड्या ठेवून घालावं. चोर आणि माकडं यांच्यासाठी वर लोखंडी जाळी. डासांसाठी चौकाकडच्या दारांना जाळीचे पल्ले. आणि आवाज. तळमजल्यावरचा मिक्सर तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो, दहावीच्या मुलीला तो नको असतो. झोपायच्या खोल्यांची चौकाकडची खिडकी घट्ट बसणारी हवी, भरीव चौकटीची. घरातली माणसं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात, याची मात्र काहींना आयुष्यभर सवय होत नाही. चौक ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यांशी त्यावर बोलून घ्यावं.

एवढं ठरलं की पुठ्ठ्याचं मॉडेल करा. संगणकावरची रंगीत चित्रं गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी असतात आणि त्यांतला उजेड हवा तिथून आणलेला असतो. पुठ्ठा खोटं बोलत नाही. एका फुटाला दीड सेंटिमीटर या मापाने अर्धा गुंठा २७ बाय ४५ सेंटिमीटरमध्ये मावतो. तळाला एक खिळा सरळ उभा करा, पृष्ठभागावर बरोबर दहा सेंटिमीटर उंच. गच्चीवर उन्हात मॉडेल हातात धरून तिरकं करत जा. खिळ्याची सावली मॉडेलच्या उत्तरेकडे नऊ सेंटिमीटर पडली की तुमच्या हातातल्या घरात २१ डिसेंबरची दुपार झाली. सावली सव्वातीन सेंटिमीटर झाली की मार्च आणि सप्टेंबरचे विषुवदिन. ती दक्षिणेकडे जेमतेम नऊ मिलिमीटर सरकली की २१ जून. प्रत्येक वेळी फोनचा कॅमेरा दाराशी टेकवून आतला फोटो घ्या, आणि ऊन ओट्यापर्यंत येत नसेल तर पुढच्या भिंतीचा पुठ्ठा कात्रीने कमी करून पुन्हा बघा.